योगक्षेम कोणी वाहायचा?

मुंबईला आयुर्विमा महामंडळाच्या मुख्य कचेरीचे नाव ‘योगक्षेम’ आहे, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. १९५६ साली स्थापन झालेल्या या महामंडळाचे बोधवाक्यही गीतेच्या नवव्या अध्यायातले. अनन्यभावाने भजणाऱ्यांचा योगक्षेम मी वाहतो, असे भगवंत तिथे सांगतात. योग म्हणजे नसलेले मिळणे, क्षेम म्हणजे असलेले टिकणे. ते देवच पाहणार असेल, तर विमा कशाला?

हा प्रश्न थट्टेचा नाही. मृत्युपत्राचा विषय निघाला की आपल्या घरांत “अभद्र बोलू नका” किंवा “देव आहे ना पाहणारा” असे म्हणून तो संपवला जातो. परंतु गीतेच्याच अठराव्या अध्यायात कार्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. दैव वगळलेले नाही. पण ते उरलेल्या चारांची जागाही घेत नाही. समर्थांनीही दासबोधात (दशक ११, समास ५) पहिला मान हरिकथेला दिला, आणि पुढे सावधपण व साक्षेपही सांगितले. भक्ताला सावधपणातून सूट नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्यांनी हे सावधपण निदान चार बाबतींत दाखवावे.

१. मुलांचा पालक : आई-वडील दोघेही गेले आणि मृत्युपत्र नसेल, तर १८ वर्षांखालील मुलांचा पालक प्रोबेट कोर्ट ठरवते. श्रूजबरीकरांसाठी ते वूस्टरला. पुण्याची आजी की न्यू जर्सीचा मामा, तुमच्या मनात कोण होते हे कोर्टाला कसे कळणार? दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र करून पालक नेमता येतो. तो भारतात असल्यास, येईपर्यंत मुले कोणाकडे राहतील, हेही वकिलाला विचारून ठरवा.

२. वारसाचे नाव : विम्याचे आणि ४०१(के)चे पैसे मृत्युपत्राप्रमाणे नव्हे, तर सहसा त्या त्या फॉर्मवरील नावाप्रमाणे जातात. लग्नापूर्वी काढलेल्या विम्यावर कोणाचे नाव आहे, ते पाहा.

३. नोकरीतला विमा : नोकरी सुटली की तो बहुधा सुटतो. व्हिसावर असलेल्यांनी तर स्वतःचा टर्म इन्शुरन्स घ्यावाच.

४. हेल्थ केअर प्रॉक्सी : आपली शुद्ध हरपली तर उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे, हे १९९० च्या राज्य कायद्यानुसार लिहून ठेवता येते. वकील लागत नाही. दोन साक्षीदार पुरतात. मात्र नेमलेली व्यक्ती स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही. इथे राहणाऱ्या वृद्ध आई-वडिलांचाही हा कागद करावा.

एवढे करून अपघात टळत नाही, आयुष्यही वाढत नाही. तो भाग देवाचा. पण महामंडळाच्या चिन्हातील ज्योतीला दोन हातांचा आडोसा आहे, हे लक्षात घ्यावे. देव योगक्षेम वाहतो तो पुष्कळदा माणसांच्याच हातांनी. म्हणून पालकाचे नाव लिहिण्याआधी त्या नातलगाला फोन करा आणि “आमच्या मागे मुलांना सांभाळाल का?” असे स्पष्ट विचारा. होकार आला की वकिलाची वेळ घ्या.