वॅट पाहावेत की परिबल?

पावाचे पीठ मळणारे यंत्र घेताना अनेकजण वॅटचा आकडा पाहतात. तो आकडा मोटर किती विद्युतशक्ती घेते एवढेच सांगतो. घट्ट, चिवट पिठाला मंद वेग आणि मोठे परिबल, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो.

समजा, मळणारी आकडी मिनिटाला ६० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ६.२८ रेडियन. परिबल १० न्यूटन-मीटर असल्यास शक्ती = १० × ६.२८ = सुमारे ६३ वॅट! दंतचक्रांनी वेग दहापट घटवला, की घर्षण वगळता परिबल दहापट वाढते.

म्हणून दुकानात विचारा: दंतचक्रे धातूची आहेत का? एका वेळी किती पीठ, सलग किती मिनिटे मळता येते? मर्यादा ओलांडल्यास मोटर तापून जळू शकते.

प्रयोग: मळण्यापूर्वी व नंतर पिठाचे तापमान मोजा. ते का वाढले?