आकडे मोठे, अपूर्णांक तेवढाच

प्रश्न : मुलगा म्हणतो, १/२ पेक्षा ४/८ मोठा, कारण आकडे मोठे. कसं समजावू? – एक पालक, सर्वण (डिचोली)

उत्तर : नियम नंतर, आधी कागदाची पट्टी. मधोमध दुमडून एक अर्धा रंगवू द्या. मग त्याच घडीवर आणखी दोनदा दुमडा. उलगडल्यावर आठ भाग दिसतील, चार रंगलेले. रंग मात्र तेवढाच. तुकडे चौपट झाले, पण प्रत्येक तितक्याच पटीने बारीक. अंश-छेदाला ४ ने गुणणं म्हणजे ४/४ ने, अर्थात १ ने गुणणं. दोन्हींत १ मिळवला तर मात्र २/३ होतो आणि किंमत वाढते. मुलं इथेच हमखास घसरतात. घरात जुन्या शाळेतले आजोबा असतील तर पावकी (पावाचा, म्हणजे १/४ चा पाढा) म्हणवून घ्या. दोन पाव म्हणजे अर्धा, हेच २/४ = १/२. मग मुलाला ३/६ स्वतः रंगवू द्या.