पोपटाची आरोळी आणि आपलें उत्तर

पोपट पाळण्याची हौस पुष्कळांस असते; परंतु त्याचा आवाज सोसण्याची तयारी फार थोड्यांची असते. हौसेनें आणलेला पक्षी महिन्या-दोन महिन्यांत कर्कश ओरडूं लागतो, घरांतलीं माणसें त्रासून जातात, आणि अखेर त्या बिचाऱ्याची रवानगी अंगणाच्या कोपऱ्यांत किंवा परक्या घरीं होते. असाच प्रसंग आमच्या घरीं आला होता. त्यांतून आम्हांस जो धडा मिळाला, तो विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहें.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या रानांतील हिरवा राघू पकडणें, विकणें किंवा पिंजऱ्यांत ठेवणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. त्याची जागा झाडाच्या ढोलींत. आमच्याकडील पक्षी मूळच्या ऑस्ट्रेलियांतील ‘कॉकटील’ जातीचा असून पिंजऱ्यांतच जन्मलेला आहे. रंग राखी, गालांवर नारिंगी ठिपका, डोक्यावर तुरा. नांव चिकू.

प्रारंभीं चिकू गोड शीळ घाली. पुढें दुपारीं आम्ही आपापल्या कामास लागलों कीं तो एकसारखा ओरडूं लागे. त्याच सुमारास आजीवर शस्त्रक्रिया झाली होती, आणि डॉक्टरांनीं तिला दुपारची झोप आवश्यक सांगितली होती. चिकू ओरडला कीं मी धांवत जाऊन त्यास दरडावीत असें. धाकटी बहीण त्यास गप्प करण्यासाठीं सूर्यफुलाचें बीं देई. आवाज मात्र दिवसेंदिवस वाढतच चालला. शेवटीं वडिलांनीं बजावलें, “एक महिन्याची मुदत देतों. तोंवर हा शांत झाला नाहीं, तर दुसऱ्या घरीं द्यावा लागेल.”

आम्ही चिकूस घेऊन पशुवैद्यांकडे गेलों. त्यांनीं त्यास प्रथम नीट तपासलें. कारण पक्षी आपलें दुखणें लपवितो, आणि आवाजांत एकाएकीं झालेला पालट हें रोगाचें लक्षण असूं शकतें. चिकू निरोगी होता. तेव्हां ते हंसून म्हणाले, “ह्यास ओरडावयास तुम्हींच शिकविलें आहे.”

ह्या वाक्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. पोपट हा थव्यानें राहणारा पक्षी. थव्यापासून एकटें पडणें म्हणजे शिकारी पक्ष्याच्या तावडींत सांपडणें. म्हणून सोबती दृष्टीआड झाला कीं पोपट हांक मारतो व पलीकडून उत्तर येतें. ‘मी येथें आहें, तूं कोठें आहेस?’ एवढाच त्या हांकेचा अर्थ. व्हेनेझुएलांतील एका लहान हिरव्या पोपटाविषयीं २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तर असें दिसून आलें कीं प्रत्येक पिल्लाची ओळखीची हांक निराळी असून ती तें आपल्या आईबापांकडून शिकतें. जणूं कांहीं बारशाचें नांवच. पहांटे व सायंकाळीं थव्याचा थोडा गलबला व्हावयाचाच. तो समूळ बंद करूं पाहणें अन्यायाचें होय. पिंजऱ्यांतील पोपटाचा थवा म्हणजे घरांतलीं माणसें. त्याच्या शिळेकडे कोणी लक्ष देत नाहीं, आणि आरोळीस मात्र सारें घर धांवून येतें, असें झाल्यावर त्यानें काय शिकावें? आमचें दरडावणेंसुद्धां त्यास उत्तरच वाटे. बीं तर बक्षीसच.

आम्हीं केलेले उपाय असे :

पहिला, कारण शोधणें. चिकू कधीं ओरडला, त्यापूर्वीं काय घडलें व नंतर कोणीं काय केलें, हें आठ दिवस वहींत लिहिलें. बहुतेक आरोळ्या आम्ही खोलीबाहेर पडतांच सुरू होत, असें त्यावरून दिसलें.

दुसरा, हांकेस हांक देणें. खोलीबाहेर जातांना आम्ही दोन सुरांची एक ठराविक शीळ घालूं लागलों. त्यानें शीळ घातली कीं दुसऱ्या खोलींतून लगेच उत्तर जाई.

तिसरा, आरोळीस उत्तर न देणें. बोलावयाचें नाहीं, पाहावयाचें नाहीं, धांवावयाचें नाहीं. तो क्षणभर थांबला कीं ताबडतोब शाबासकी व एक बीं. पुढें ही शांततेची वेळ हळूहळू वाढविली.

चौथा, दिनचर्या सुधारणें. रात्रीं १० ते १२ तास अंधारांत झोप, रोज कांहीं वेळ पिंजऱ्याबाहेर फिरणें, आणि दुपारीं कागदांत गुंडाळलेले दाणे व कुरतडावयास लाकूड. चोंच कामांत गुंतली कीं ओरडावयास सवड कमी राहते.

ह्या मार्गांत एक अवघड जागा आहे. आजवर फळ देणारी आरोळी निष्फळ होऊं लागली कीं पोपट प्रथम अधिकच मोठ्यानें ओरडतो. त्याच वेळीं कोणी धांवला, तर ‘याहून कमी ओरडून भागत नाहीं’ हा धडा तो शिकतो. पांचव्या दिवशीं माझ्या हातून हीच चूक झाली, आणि चार दिवसांचे श्रम वाया गेले. त्या रात्रीं आजीनें सर्वांस जवळ बसवून सांगितलें, “माझ्या झोपेचें मी पाहीन, तुम्ही मात्र सगळे एका रीतीनें वागा.” दुसऱ्या दिवसापासून ती दुपारीं शेजारच्या काकूंकडे निजावयास जाऊं लागली.

पिंजऱ्यावर काठी आपटणें, पाणी शिंपडणें, उपाशी ठेवणें, दिवसा कापड टाकून कोंडणें, हे उपाय कोणींही करूं नयेत. त्यांनीं भय तेवढें वाढतें. आणि भ्यालेला पक्षी पुढें स्वतःचीं पिसेंही उपटूं लागतो.

महिना संपला, तेव्हां चिकू कांहीं मुका झाला नव्हता. पहांटे व सायंकाळीं तो अजूनही थोडा वेळ घर गाजवितो. परंतु दुपारीं आतां त्याची दोन सुरांची शीळ येते. आजी आपल्याच अंथरुणावरून तिला उत्तर देते आणि पुन्हां डोळे मिटते. वडिलांनीं मुदतीचा विषय पुन्हां काढला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, कॉकटील पंधरा-वीस वर्षें जगूं शकतो. असा पक्षी घरीं आणण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा : इतकीं वर्षें त्याच्या हांकेस उत्तर देण्याची माझी तयारी आहे काय?