नाक वर करून कोसळणारं विमान

प्रश्न : मुलानं फोमशीटचं रिमोटवर चालणारं विमान बांधलं आहे. पंख वर बसवलेला आहे. हातातून सोडलं की ते नाक वर करतं, क्षणभर अडखळतं आणि एका बाजूला कोसळतं. जास्त ताकदीची मोटर घ्यावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मोटर बदलू नका. शेपटी जड झालेली विमानं अशीच पडतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, पंखाच्या रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश भागात गुरुत्वमध्य यायला हवा. पंख 20 सेंमी रुंद असेल, तर सुरुवातीला 5 सेंमीवर दोन्हीकडे खूण करा. बॅटरी जागेवर बसवून विमान खुणांवर दोन बोटांच्या टोकांनी उचला. ते सपाट राहिलं किंवा नाक किंचित खाली झुकलं, तर ठीक. शेपटी खाली गेली, तर बॅटरी पुढे सरकवा. तेवढ्यानं भागलं नाही, तरच नाकात वजन घाला. विनाकारण वाढलेलं वजन उतरताना वेग वाढवतं.

मग प्रोपेलर काढून ठेवा आणि रिमोट चालू करून मागून बघा : एलिव्हेटर शेपटीशी सरळ रेषेत हवा, स्टिक उजवीकडे नेल्यावर उजवा एलेरॉन वर उचलला पाहिजे. ही तपासणी दर उड्डाणाआधी करायचीच.

चाचणी वाऱ्याच्या तोंडावर, गवताळ मोकळ्या मैदानात घ्या. माणसं आणि विजेच्या तारा दूर असाव्यात. विमानतळाजवळच्या रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही, तेव्हा निघण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा जरूर पाहा.