नोकरी नाही म्हणजे बेकार?

मुलीसाठी स्थळ पाहताना पहिला प्रश्न असतो, "मुलगा नोकरीला कुठे आहे?" बापाच्या दुकानात बसतो, असे उत्तर आले की बोलणे तिथेच थंडावते. ज्या घरची रोजी तीन पिढ्या रंधा-पटाशीवर चालली, त्या घरातला बी. ए. झालेला मुलगा अर्जाच्या उत्तराची वाट पाहत दोन-दोन वर्षे ओट्यावर बसतो. काय करतोस विचारले तर म्हणतो, "सध्या काही नाही." आत बाप एकटा फळी तासत असतो!

नोकरीवाचून जगण्याला अर्थ राहतो की नाही, याचा विचार कारागिरांनी तरी नीट केला पाहिजे. त्यासाठी एका परक्या गावाची हकिकत उपयोगी पडेल.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल ही गिरणी कामगारांची वस्ती. १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद पडली. ४७८ कुटुंबांपैकी ३६७ कुटुंबांत एकालाही काम उरले नाही. मारी यहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल या अभ्यासकांनी १९३१-३२ मध्ये तेथील रोजचे जगणे टिपले आणि १९३३ मध्ये त्यावर पुस्तक काढले.

रिकामा वेळ मिळाल्यावर लोक जास्त वाचतील, असे कोणालाही वाटेल. झाले उलटे. वाचनालयाने शुल्क माफ केले, तरी पुस्तके नेणे जवळजवळ निम्म्यावर आले. पुरुषांनी खिशात घड्याळ ठेवणे सोडले. सकाळपासून काय केले, हे त्यांना धड सांगता येईना. रस्त्याने जाताना ते पुन्हा पुन्हा थांबत. बायका मात्र लगबगीने चालत. मजुरी त्यांचीही बुडाली होती, पण चूल, मुले आणि शिवणटिपण हातचे सुटले नव्हते. तरीही अनेकींना गिरणी परत हवी होती, आणि ती केवळ पैशासाठी नव्हे, तर तिथे चार माणसे भेटत म्हणून.

पुढे १९८२ मध्ये यहोदाबाईंनी लिहिले की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते : दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, सामायिक उद्देश, समाजात ओळख आणि हातांना नियमित काम. आता आपले दुकान डोळ्यांसमोर आणा. यातले काय तिथे नाही? गिऱ्हाईक येते, शेजारचा दुकानदार बोलतो, दरवाजा वेळेत बसला नाही तर कोणाचे तरी लग्नघर अडते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतःच्या हातच्या कमाईला सर्वोत्तम अन्न म्हटले व प्रेषित दाऊद (अ.) यांचा दाखला दिला. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. फिकहचे मोठे जाणकार खस्साफ यांचे तर नावच जोडे शिवण्याच्या धंद्यावरून पडले.

पण दुकान आहे म्हणून निश्चिंत राहू नये. सूत महागले, माल पडून राहिला की मालेगाव-भिवंडीतही माग थांबतात, आणि मग मारिएन्थाल आपल्या गल्लीत येते. मंदीतही कारखाना ठरल्या वेळी उघडावा. मागाची दुरुस्ती, राहिलेला हिशेब, पोरांना हात बसवून देणे, ही कामे तेव्हाच होतात. मात्र पोटाची आग उपदेशाने विझत नाही. मारिएन्थालमध्येही मदतीची रक्कम घटत गेली तसतसा लोकांचा धीर खचत गेला. म्हणून चालू दिवसांत थोडी गंगाजळी बाजूला काढणे हाही याच धड्याचा भाग समजावा.

आणखी एक. मुले दुकान सांभाळू लागली की बापाला सांगतात, "अब्बा, आता घरी आराम करा." मुलांचा हेतू चांगला असतो. पण त्यांना दुकानातून उठवू नका. लाकूड पारखणे, जुन्या गिऱ्हाइकाशी दर ठरवणे, संध्याकाळी वही तपासणे, यातले एक काम त्यांच्याकडे राहू द्या, आणि त्यात मधे बोलू नका.