फोन थरथरला म्हणजे नोंद झाली?

बदनापुरात तुरीचा हंगाम भरात असला की आडतीवर काट्याला उसंत नसते. इथल्याच कृषी संशोधन केंद्राच्या बीडीएन ७११ सारख्या वाणांची तूर कट्ट्याकट्ट्याने येते. हमाल कट्टा काट्यावर टाकतो, मापाडी वजन पुकारतो आणि मुनीम फोनवर आकडा भरतो. त्याची नजर काट्यावरच असते. फोन थरथरला की तो पुढचा कट्टा घ्यायला सांगतो.

अशाच एका दुकानाचं वेब अ‍ॅप माझ्याकडे दुरुस्तीला आलं. पट्टी करताना कट्टे कमी भरतात, अशी तक्रार होती. शेतकरी म्हणे, माल माझ्यासमोर मोजला. मुनीम म्हणे, फोन दर वेळी थरथरला. दोघंही खरंच बोलत होते. कोड उघडल्यावर उलगडा झाला: 'जतन करा'वर बोट पडताच फोन थरथरत होता, नोंद सर्व्हरवर पोचली की नाही हे कुणी पाहतच नव्हतं. रेंज गेली की नोंद वाटेतच राहायची. थरथरीची ओळ सर्व्हरचा होकार आल्यानंतर नेली, तेव्हा हिशेब जुळू लागला.

वेब अ‍ॅपला थरथरीची सोय जोडणाऱ्यांनी एवढं पाहावं:

१. वेब पानातून फोन थरथरवणारं व्हायब्रेशन एपीआय २०१५ पासून वेबचं अधिकृत मानक आहे, तरी आयफोनच्या सफारीत ते चालत नाही. म्हणून पडद्यावर ठळक खूण हवीच.

२. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये पानाला एकदा तरी बोट लागल्याशिवाय थरथर होत नाही. पान पुन्हा लोड झालं की हीच अट परत लागू होते.

३. थरथरीचा आदेश देणाऱ्या 'नॅव्हिगेटर.व्हायब्रेट'ने 'ट्रू' उत्तर दिलं म्हणजे फोन थरथरलाच असं नाही. मोटर नसलेल्या संगणकावरही तेच उत्तर मिळू शकतं.

४. थरथरीचा जोर ठरवता येत नाही, फक्त वेळ ठरते. नोंद झाली तर २०० मिलिसेकंदांचा एकच झटका द्या. फसली तर '२००, १००, २००', म्हणजे झटका, विराम, झटका.

५. चाचणी दुकानातल्याच फोनवर, इंटरनेट बंद-चालू करून घ्या.

कट्ट्यामागे शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत असते, आणि एक नोंद गळाली तर नुकसान त्याचं होतं. बटण दाबलं गेल्याची पोच द्यायची असेल तर रंग बदला. यशाचा झटका मात्र नोंद पक्की झाल्यावरच द्या.