जेसीबीचा तास नेमका कितीला पडतो?

खोदकामाच्या भाडे-व्यवसायात आपले अनेक तरुण उतरत असतात. बॅकहो लोडर, म्हणजे ज्याला सर्वजण सरसकट जेसीबी म्हणतात, ते यंत्र कर्जावर घेतले जाते आणि बाजारात चालू असेल त्या दराने भाडे लावले जाते. डिझेल आणि ऑपरेटरचा पगार गेला की उरेल तो नफा, असा ढोबळ हिशेब असतो. हा हिशेब अपुरा आहे. काम भरपूर असूनही टायर बदलायची वेळ आली की हातउसने पैसे शोधावे लागतात, ते यामुळेच. म्हणून तासाचा खर्च कसा काढावा ते आज आपण पाहू. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत.

मालकीचा खर्च

यंत्र चालू असो वा उभे, हा खर्च होतच राहतो. समजा, किंमत ३५ लाख रुपये आहे. त्यात टायर दीड लाखाचे. ते लवकर झिजतात म्हणून वेगळे काढू. पाच वर्षांनी विकल्यास साडेतेरा लाख येतील असे धरू. म्हणजे २० लाख रुपये कामातून वसूल व्हायला हवेत. वर्षाला २,००० तासांप्रमाणे पाच वर्षांत १०,००० तास होतात. घसारा झाला ताशी २०० रुपये.

दुसरी बाब अडकलेल्या भांडवलाची. यंत्राची किंमत दरवर्षी सारखी उतरते असे मानून प्रत्येक वर्षारंभीच्या किमतीची सरासरी काढली तर ती २६ लाख ४० हजार येते. त्यावर १० टक्के धरले तर वर्षाला २,६४,००० रुपये, ताशी १३२. पैसे घरचे असले तरी ही रक्कम धरावी. दुसऱ्या धंद्यात घातले असते तर त्यांनी काही कमावलेच असते. विमा व इतर वार्षिक खर्च ६०,००० रुपये, ताशी ३०. मालकीचा एकूण खर्च ताशी ३६२ रुपये.

चालवण्याचा खर्च

डिझेल ताशी ६ लिटर, दर ९० रुपये धरल्यास ५४० रुपये. खप अंदाजाने धरू नये. टाकी पूर्ण भरून अवरमीटरचा आकडा लिहावा, काम झाल्यावर टाकी पुन्हा पूर्ण भरावी आणि लागलेल्या लिटरांना तासांनी भागावे. ऑइल, फिल्टर, ग्रीस ६० रुपये. टायर ३,००० तास टिकले तर ५० रुपये. बादलीचे दात, पिन-बुश, होज पाइप व इतर दुरुस्ती १५० रुपये. ऑपरेटर व हेल्पर यांना वर्षाला ४,२०,००० रुपये, ताशी २१०. एकूण १,०१० रुपये.

दोन्ही मिळून तास १,३७२ रुपयांना पडला. १,४०० रुपये दर मिळाला तर नफा फक्त २८ रुपये!

खरा फरक तासांचा

पावसाळ्यात खोदकाम मंदावते. २,००० ऐवजी १,२०० तासच काम मिळाले तर? घसारा ३३३, भांडवल २२०, विमा ५०, पगार ३५०. डिझेल, ऑइल, टायर व दुरुस्ती तेवढेच. तास १,७५३ रुपयांना पडतो आणि १,४०० च्या दराने ताशी ३५३ रुपयांचा तोटा होतो. रोख रक्कम हातात दिसते, पण ती यंत्राच्या झिजेची असते.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कर्जाचा हप्ता म्हणजे खर्च नव्हे. हप्ते फिटले म्हणून दर उतरवला तर पुढचे यंत्र कशातून घेणार? टिप्परची वाट पाहत यंत्र उभे राहिले तरी पगार चालूच असतो, म्हणून दिवसाचे किमान तास आधीच ठरवावेत. जीएसटी व यंत्र नेण्या-आणण्याचा खर्च दरात न मिसळता वेगळा सांगावा.

यंत्र घेण्यापूर्वी आपल्या तालुक्यात वर्षाला किती तास काम मिळेल, हे प्रथम विचारावे. किंमत आणि हप्ता त्यानंतर. घेतल्यावर रोजचे तास, लिटर आणि दुरुस्ती एका वहीत लिहावी. वर्षभराने ती वहीच आपला दर सांगेल.